विळ्याच्या आकाराचे रक्त

शरीर रक्ताकडून दोन गोष्टी मागते आणि त्या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध असतात. रक्ताने अखंड वाहत राहावे, ही पहिली मागणी. जखम होताच त्याने तत्काळ थिजावे, ही दुसरी. वाहणे थांबले तर माणूस दगावतो; थिजणे जमले नाही तरीही दगावतो. निरोगी माणसाच्या शरीरात हा तोल जन्मभर इतक्या सहजतेने सांभाळला जातो की त्याची कोणाला जाणीवही होत नाही. परंतु स्त्रीच्या आयुष्यात असा एक काळ येतो की ज्या वेळी हा तोल मुद्दाम एका बाजूस झुकवला जातो. तो काळ म्हणजे गर्भारपण.

नऊ महिने भरत आले म्हणजे गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त जात असते. मूल जन्मल्यानंतर वार सुटते आणि जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशय आवळून आले नाही आणि रक्त वेळेवर गोठले नाही, तर काही मिनिटांतच मातेचे प्राण धोक्यात येतात. निसर्ग ह्या क्षणाची तयारी फार आधीपासून करून ठेवतो. रक्त गोठवणारी द्रव्ये गर्भारपणात वाढतात आणि गोठण्यास आवर घालणारी काही द्रव्ये घटतात. मात्र ह्या तयारीची किंमत द्यावी लागते. गर्भार स्त्रीच्या पायातील शिरेत गुठळी होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या मानाने चार-पाच पटींनी वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर मृत्यू ओढवू शकतो. रुडॉल्फ फिरकोव ह्या जर्मन वैद्याने गेल्याच्या मागल्या शतकाच्या मध्यास गुठळीविषयी जे विवेचन केले, त्यावरून पुढे तिची तीन कारणे सांगण्याचा प्रघात पडला: रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचीच प्रकृती बदलणे. बाळंतिणीच्या ठायी ही तिन्ही कारणे एकत्र येतात.

रक्ताची प्रकृती जन्मतःच निराळी असलेल्या स्त्रीवर हा प्रसंग आला म्हणजे काय होते, हा प्रश्न गोंडवनातील घराघरांशी निगडित आहे. नागपूरहून हैदराबादेस जाणारा महामार्ग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. आदिलाबाद शहर मागे टाकून दक्षिणेस निघाले की वाटेत इचोडा लागते. मराठी, तेलुगू आणि गोंडी ह्या तीन भाषा कानी पडाव्यात असा हा मुलूख आहे. एके काळी येथे चांद्याच्या गोंड राजांची सत्ता होती. पुढे निजामाचा अंमल आला. १९५६ मध्ये हा भाग आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तेलंगण राज्यात आला आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा वारंवार बदलल्या. परंतु यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि आदिलाबाद ह्या साऱ्या पट्ट्यातील गोंड, परधान व इतर समाजांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक गुण कोणत्याही सीमेला जुमानत नाही. त्या गुणाचे नाव सिकलसेल.

ह्या विकाराचा लिखित इतिहास भारतात नव्हे, अमेरिकेतील शिकागो शहरात सुरू होतो. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विद्यार्थी तेथे वारंवार आजारी पडत असे. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना डॉक्टरांना गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक ह्यांनी १९१० मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, १९४९ मध्ये, लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीत नसून तिच्यातील प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम ह्यांनी त्याच्याही पुढचा शोध लावला. हिमोग्लोबिनच्या साखळीतील केवळ एक दुवा बदललेला असतो, असे त्यांना आढळले. १४६ दुव्यांच्या साखळीत हा दुवा सहावा आहे, हे पुढे निश्चित झाले. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. रोग्याच्या नशिबी पांडुरोग येतो, हाडे-सांधे असह्य ठणकतात आणि लहानसहान तापही जिवावर बेततो.

भारतात हा गुण प्रथम आढळला तो १९५२ साली. हर्मन लेहमान व मेरी कटबुश ह्यांना तो नीलगिरीतील आदिवासींत दिसला. त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार ह्यांनी आसामातील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या मजुरांतील रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील ह्या गुणाविषयीचा लेख 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडमधील वैद्यकीय साप्ताहिकात लिहिला. तेव्हापासून विदर्भ आणि लगतचा मुलूख ह्या विकाराच्या नकाशावर आला. पुढील पाहण्यांत काही आदिवासी समाजांत शेकडा वीस ते पस्तीस माणसे हा गुण बाळगून असल्याचे दिसले.

हा गुण ह्याच भागात एवढा का पसरावा? उत्तर हिवतापात सापडते. निजामाच्या राज्यात, सिकंदराबाद येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. रक्ताचे काही आनुवंशिक दोष हिवतापापासून बचाव करीत असावेत, अशी कल्पना जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी १९४९ मध्ये मांडली. ती त्यांनी थॅलसेमिया ह्या दुसऱ्या रक्तविकाराच्या संदर्भात मांडली होती. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात राहण्यास आले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. सिकलसेलच्या बाबतीत ही कल्पना खरी असल्याचे अँथनी ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ मध्ये दाखविले. ज्या मुलाला हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच मिळतो, ते मूल सहसा निरोगी असते आणि घातक हिवतापातून तगून जाते. दोघांकडूनही मिळाला तर मात्र रोग होतो. म्हणजे जंगलातल्या ज्या तापाने आदिवासींची पोरे पिढ्यान्‌पिढ्या नेली, त्याच तापाने हा गुण त्यांच्या रक्तात निवडून ठेवला. तो आफ्रिकेतून आला असावा, असे बरेच दिवस मानले जाई. परंतु १९८६ च्या सुमारास झालेल्या संशोधनावरून आशियात तो स्वतंत्रपणे उपजला असे दिसून आले. तेव्हा हा गुण कोणा समाजाचा कलंक नव्हे. ज्या वनात ते राहिले, त्या वनात जगण्यासाठी त्यांनी दिलेले ते मोल आहे.

१९४० मध्ये जोडेघाट परिसरात कुमराम भीमू ह्यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला आणि त्यात भीमू मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ ह्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करण्यास सांगितले. ते मारलवाई गावी राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली आणि १९४८ मध्ये राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. गोंडांची कुळे, देव, सण, शेती ह्यांची नोंद झाली, जमिनीच्या हक्कांचाही विचार झाला. परंतु त्या वेळी भारतात सिकलसेलचे नावही कोणी नोंदविले नव्हते. ज्या बायांची बाळंतपणे अवघड गेली, ज्यांची पोरे जगली नाहीत, त्यांच्या दुःखाला ताप, अशक्तपणा किंवा देवाची इतराजी ह्यांपलीकडे नाव मिळण्याची सोय नव्हती. नाव नसलेल्या दुःखाची दाद कोणत्या कचेरीत लागणार?

आज त्या दुःखाचे स्वरूप बरेच उलगडले आहे. सिकलसेलचा रोग असलेली स्त्री गर्भार राहिली म्हणजे तिच्या रक्तावर दुहेरी भार पडतो. गर्भारपणामुळे रक्त गोठण्याकडे झुकलेले असते आणि विळ्याच्या पेशी बारीक वाहिन्यांना इजा करून गोठण्याची प्रक्रिया आणखी चेतवितात. त्यामुळे अशा स्त्रीला गुठळी होण्याचा धोका इतर गर्भार स्त्रियांपेक्षाही कितीतरी अधिक असतो. वारेतील रक्तप्रवाह अडल्यामुळे मूल पोटात खुरटते, कमी वजनाचे जन्मते किंवा दिवस भरण्यापूर्वीच जन्मते. मातेचा रक्तदाब वाढून झटके येण्याचा संभव वाढतो. दुखण्याचे प्रसंग गर्भारपणाच्या अखेरीस व बाळंतपणानंतर वारंवार येतात. मात्र ज्या स्त्रीच्या अंगी हा गुण एकेरी आहे, तिचे बाळंतपण बहुधा इतरांसारखेच सुखरूप पार पडते. ह्या दोन अवस्थांतील भेद रक्त तपासल्याखेरीज कळत नाही आणि तो न कळल्यामुळे निरोगी स्त्री उगाच धास्तावते, तर रोगी स्त्री बेसावध राहते.

उपचारांच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. इंग्लंडच्या डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतील गरीब गर्भार स्त्रियांना होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचे कारण त्यांना शोधायचे होते. त्या स्त्रियांच्या आहारात काहीतरी कमी पडते, असा त्यांचा कयास होता. शेवटी यीस्टच्या सत्त्वापासून केलेल्या 'मार्माइट' नावाच्या स्वस्त पदार्थाने ह्या स्त्रिया सुधारतात असे त्यांना आढळले आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज गर्भार स्त्रीला जी फॉलिक ॲसिडची गोळी देतात, तिचे मूळ मुंबईच्या गिरणगावातील त्या निनावी स्त्रियांच्या दुखण्यात आहे. सिकलसेलच्या रोग्याला तर तांबड्या पेशी सतत नव्याने घडवाव्या लागत असल्यामुळे ह्या द्रव्याची गरज विशेष असते.

गुठळीवरील औषधाची कथाही अशीच बोधप्रद आहे. १९१६ मध्ये जे मॅक्लीन हा अमेरिकेतील वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठविणाऱ्या द्रव्याच्या शोधात होता. सापडले ते रक्त गोठू न देणारे द्रव्य. त्याचे नाव पुढे हेपारिन पडले. ते वार ओलांडून मुलापर्यंत जात नाही, म्हणून गर्भार स्त्रीला गुठळीपासून वाचविण्यासाठी आजही मुख्यतः त्याच जातीच्या औषधांवर भिस्त ठेवतात. उलट, रक्त थांबत नसेल तर काय करावे, ह्याचे उत्तर जपानच्या डॉ. उताको ओकामोतो व त्यांचे पती शोसुके ह्यांनी शोधले. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे औषध त्यांनी १९६२ मध्ये जगापुढे ठेवले. बाळंतपणातील रक्तस्रावावर ते कितपत उपयोगी पडते, ह्याची मोठी कसोटी मात्र फार उशिरा झाली. २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवर झालेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये निघाले. ओकामोतोबाई त्याआधीच, २०१६ मध्ये, वारल्या होत्या. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत हे औषध दिले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात असे दिसले. औषध स्वस्त आहे. अट आहे ती तीन तासांची. डोंगराआडच्या पाड्यावरून पक्क्या रस्त्याला लागण्यात, गाडी मिळण्यात आणि दवाखाना गाठण्यात किती वेळ जातो, त्यावर ह्या औषधाचे मोल ठरते. म्हणून रस्ता हाही बाळंतपणाच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

औषधाइतकीच माणसांचीही वाण होती. परपुरुषाकडून तपासून घेण्यास स्त्रिया तयार नसत आणि स्त्री-डॉक्टर फार थोड्या होत्या. कॅथलिक संन्यासिनी ह्या कामास सिद्ध होत्या, परंतु वैद्यकी करण्यास, विशेषतः बाळंतपणे करण्यास, चर्चच्या नियमांचा त्यांना अटकाव होता. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लाउरी १९२० मध्ये गुंटूरला आल्या, तेव्हा संन्यासिनी होऊन वैद्यकी करण्यासाठी त्यांना पोपची खास अनुज्ञा घ्यावी लागली. तेलुगू मुलखातील स्त्रियांची सेवा त्यांनी अनेक वर्षे केली व १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापिली. डॉ. ॲना डेंगेल ह्यांनी रावळपिंडीत स्त्रियांचे हाल पाहिले होते. त्यांनी १९२५ मध्ये वैद्यकी करणाऱ्या संन्यासिनींचा संघ काढला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आदेश निघाला आणि हा अटकाव दूर झाला. जुना नियम पावित्र्याच्या रक्षणासाठी होता. परंतु मातेचे प्राण वाचविणे हेही पवित्र कार्यच आहे, हे चर्चलाही अनुभवाने पटले. श्रद्धा आणि वैद्यक ह्यांची गाठ कशी घालावी, ह्याचा तो एक चांगला पाठ आहे.

ह्या साऱ्या प्रगतीनंतरही एक गोष्ट औषधाने सुटत नाही. गर्भ टिकला नाही, मूल दुबळे जन्मले किंवा दगावले, की बोट सुनेकडे जाते. तिची कूस वाईट, तिचा पाय अवलक्षणी, अशी बोलणी तिला ऐकावी लागतात. सिकलसेलचे गणित ह्या आरोपाला साफ खोटे ठरविते. हा गुण एकेरी असलेल्या दोन व्यक्तींचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक, केवळ एकेरी गुण येण्याचा चारात दोन आणि काहीही न येण्याचा चारात एक असतो. रोगी मुलाला आईकडून जेवढे येते तेवढेच बापाकडूनही येते. एकट्या आईमुळे हा रोग होऊच शकत नाही. एवढे एक वाक्य जरी घरोघर पोहोचले, तरी कितीतरी स्त्रियांचे जिणे सुसह्य होईल.

गोंड समाजाला लग्नापूर्वी रक्ताची चौकशी करणे नवे नाही. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी त्यांच्या कुळांची विभागणी आहे आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. एवढी शिस्त असूनही सिकलसेल टळला नाही, कारण हा गुण कुळांच्या सीमा ओळखत नाही. देव वेगळे म्हणून रक्तातील गुण वेगळा असतोच असे नाही. परंतु जो समाज 'कितवे देव?' असे विचारल्याखेरीज सोयरीक ठरवीत नाही, त्याला 'रक्त तपासले का?' हा दुसरा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत मेसराम कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घडविण्याचा विधी आहे. सून ही एका घराची नसून साऱ्या कुळाची जबाबदारी आहे, असाच त्याचा अर्थ नव्हे काय? अशा समाजात सुनेच्या रक्ताची, आणि तिच्याइतकीच मुलाच्याही रक्ताची, काळजी वाहणे हे परंपरेला धरूनच होईल.

साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. १९५२ मध्येच मुंबईचे डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' जगाच्या नजरेस आणला. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचे संदर्भकेंद्र निघाले आणि त्यातूनच परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्था वाढली. रक्त न गोठण्याच्या आणि हिमोग्लोबिनच्या विकारांवर तेथे संशोधन चालते. हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी चंद्रपूर येथे उभारलेल्या केंद्राचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. चंद्रपूर हा आदिलाबादला लागून असलेला जिल्हा आहे. आदिलाबाद शहरात २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ हे तिच्या उद्दिष्टाचे वर्ष ठरविण्यात आले. बाळंतपणातील मृत्यूही पुष्कळ घटले आहेत. २०१८ ते २०२० ह्या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ माता दगावल्या, तेलंगणात ४३ आणि महाराष्ट्रात ३३. मात्र सरासरीच्या आकड्यात शहर आणि पाडा एकत्र मोजले जातात, हे विसरता कामा नये.

तपासणीच्या मोहिमेत एक धोकाही आहे. कोणाच्या रक्तात हा गुण आहे हे कळल्यावर त्या माहितीचा उपयोग सावध करण्यासाठी होईल की वाळीत टाकण्यासाठी, हे समाजाच्या विवेकावर अवलंबून आहे. मुलीचे कार्ड पाहून सोयरीक मोडायची आणि मुलाचे कार्ड मात्र लपवायचे, असे झाले तर विज्ञानाच्या हाती जुन्याच अन्यायाचे नवे हत्यार दिल्यासारखे होईल. म्हणून तपासणी दोघांची व्हावी, तिचा निकाल गुप्त राहावा, आणि गुण आढळला म्हणजे भयाऐवजी सल्ला मिळावा. रोग असलेल्या स्त्रीने गर्भारपणाच्या आरंभीच मोठ्या दवाखान्यात नाव नोंदवावे, तिचे बाळंतपण घरी होऊ देऊ नये आणि बाळंत झाल्यावरही काही आठवडे तिच्यावर लक्ष ठेवावे. पाय सुजून दुखणे, छातीत कळ येणे, धाप लागणे ह्या तक्रारी बाळंतिणीची नाजूक प्रकृती म्हणून झटकून टाकू नयेत.

इतिहासाचा निवाडा एवढाच आहे की जंगलातल्या हिवतापाने घडविलेला हा गुण शेकडो वर्षे निनावी राहिला आणि त्याचा दंड प्रामुख्याने मातांनी भरला. नाव सापडून आता शंभराहून अधिक वर्षे झाली, भारतात ते पोहोचूनही सत्तर वर्षे उलटली. ज्ञान शिकागोहून नागपूरपर्यंत आले. आता ते नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून उतरून आतल्या पाड्यापर्यंत जायचे आहे. हे शेवटचे अंतर शास्त्रज्ञ चालून जाऊ शकत नाही. ते शिक्षक, परिचारिका, आशा कार्यकर्ती, गावचा पाटील आणि घरातली सासू ह्यांनाच चालावे लागेल.